माकूलकडून मिळालेला धडा

संध्याकाळ झाली, की रस्त्यावरचे दिवे लागतात. काही ठिकाणी ते लावायला माणूस लागत नाही. खांबावरचा संवेदक उजेड ओळखतो आणि दिवा आपोआप लागतो. पण यात एक अडचण आहे. तिन्हीसांजेला ढग आला, की उजेड कमी होतो. ढग सरला, की वाढतो. मग दिवा सारखा लागेल आणि विझेल! यंत्राने निर्णय घ्यायचा तरी कसा?

या अडचणीवरचा उपाय अमेरिकेतील ऑटो श्मिट यांनी १९३४ साली शोधला. तेव्हा ते सेंट लुईस शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि प्राणिशास्त्र असे दोन्ही विषय शिकत होते.

ते माकूल या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करत. कोकणच्या मासळीबाजारात तुम्ही माकूल पाहिले असेल. त्याचा एक मज्जातंतू इतका जाड असतो, की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मज्जातंतूला विजेचा अगदी हलका झटका दिला, तर संदेश निघत नाही. झटका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की संदेश पूर्ण जोराने धावतो. अर्धामुर्धा संदेश नसतोच.

श्मिट यांनी निर्वात नलिका जोडून असाच वागणारा विद्युत परिपथ तयार केला. त्यात दोन मर्यादा होत्या. एक चालू होण्याची, दुसरी बंद होण्याची. आपल्या दिव्याचेच पाहा. पुरेसा अंधार पडला, की तो लागतो. मग उजेड थोडासा वाढला, तरी तो विझत नाही. चांगले उजाडले, तरच विझतो. १९३८ साली या परिपथाची माहिती प्रसिद्ध झाली. आज तो ‘श्मिट ट्रिगर’ या नावाने इवल्याशा चिपमध्ये बसवलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धात श्मिट यांनी पाणबुड्या शोधणाऱ्या उपकरणांवर काम केले. पाणबुडीच्या पोलादामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित बदल होतो. वरून जाणाऱ्या विमानातील उपकरण तो बदल टिपते.

पुढे मिनेसोटा विद्यापीठात ते प्राध्यापक होते. विद्युत अभियांत्रिकी आणि प्राणिशास्त्र ही दोन्ही दालने त्यांना आपलीच वाटत. हृदयातून निघणारे विजेचे संकेत मोजण्याच्या पद्धतीही त्यांनी तयार केल्या. सजीवांकडून शिकून यंत्रे घडवण्याच्या या शास्त्राला त्यांनी १९५० नंतरच्या दशकात ‘बायोमिमेटिक्स’ हे नाव दिले. नाव उशिरा मिळाले. काम मात्र माकूलपासूनच सुरू झाले होते. १९९८ साली श्मिट यांचे निधन झाले.

स्वाध्याय

१. ढगाळ संध्याकाळी आपोआप लागणाऱ्या दिव्याची कोणती अडचण होते?
२. श्मिट यांच्या परिपथात दोन मर्यादा कशासाठी होत्या?
३. ‘अर्धामुर्धा’ हा शब्द वापरून एक वाक्य लिहा.