पंचशील, सीटो आणि बाबासाहेबांचे एक भाषण

वंदनेत नित्य पंचशील म्हणणाऱ्या आपल्या भांडगावच्या विद्यार्थ्यांस हे ठाऊक असावे की, 1954 मध्ये हाच शब्द परराष्ट्रनीतीत रूढ झाला. त्या वर्षी 29 एप्रिल रोजी भारत व चीन यांच्यात तिबेटच्या व्यापाराविषयी करार झाला. त्याच्या प्रस्तावनेतील अनाक्रमण, परस्पर आदर आदी पाच तत्त्वांस पंचशील हे नाव मिळाले.

26 ऑगस्ट रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी नेमके या नावावरच बोट ठेवले. पंचशील हे बुद्धधम्माचे अंग आहे. माओंची त्यावर श्रद्धा असती तर स्वदेशातील बौद्धांशी ते निराळे वागले असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने त्याची सीमा आपल्या सीमेस येऊन भिडली, असेही त्यांनी बजावले. सीटो, म्हणजे आग्नेय आशियाच्या सामूहिक संरक्षणाची तेव्हा होऊ घातलेली संघटना. ती आक्रमणासाठी नसून आक्रमण रोखण्यासाठी आहे, अशी बाजू त्यांनी त्याच भाषणात मांडली.

प्रादेशिक सुरक्षेवर नव्याने संशोधन करू पाहणाऱ्यांनी येथे तारखा जुळवून पाहाव्यात. सीटोचा करार मनिला येथे झाला तो 8 सप्टेंबरला, भाषणानंतर तेरा दिवसांनी. बाबासाहेब बोलले ते कल्पनेविषयी. तयार संस्था त्यांच्यापुढे नव्हती. पुढे तिच्या आठ सभासदांत आशियाई देश तीनच निघाले : थायलंड, फिलिपिन्स आणि पाकिस्तान. 1971 च्या युद्धात पाकिस्तानच्या मदतीस ती धावली नाही; 1977 मध्ये विसर्जित झाली. चीनविषयीचा इशारा मात्र 1962 मध्ये खरा ठरला.

एकाच भाषणातील एक अंदाज काळाने उचलून धरला, दुसरा वादग्रस्त राहिला, हे लिहिताना आपल्यातील तरुण अभ्यासकाचा हात अडखळतो. आम्हांस तो संकोच अनाठायी वाटतो. स्वतः बाबासाहेबांनी 1951 च्या राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्रनीतीचा हिशेब रुपयांत मांडला होता : वार्षिक 350 कोटींच्या महसुलातील सुमारे 180 कोटी सैन्यावर खर्च होतात. अशा माणसाचे विधान तपासून पाहणे हा अनादर कसा?

दोन्ही मूळ इंग्रजी भाषणे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केली आहेत. राज्यसभेतील भाषण 15 व्या खंडात सापडेल. ते पूर्ण वाचावे, आणि त्याच बैठकीत पंतप्रधान नेहरूंनी मांडलेली बाजूही शेजारी ठेवावी.