दार ओढून घेताना

कुत्र्याने घरात एकटं राहायचं, ही आमच्याकडे अगदी अलीकडची गोष्ट. कळंब तालुक्यातल्या माझ्या माहेरी कुत्रं कधी एकटं असायचंच नाही. सकाळी शेरडांमागे माळावर, दुपारी बांधावरच्या लिंबाखाली, रात्री खळ्यावर राखणीला. घराचं दारही दिवसभर सताड उघडं. आता धाराशिव शहरात नवरा-बायको दोघं नोकरीला, पोरं पुण्याला, आणि दिवसभर कुलूपबंद खोल्यांत एक कुत्रं, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आमचंही त्यातलंच एक. तांबू ही आमची गावठी कुत्री २०२० च्या टाळेबंदीत पिल्लू म्हणून आली. शाळा बंद, आम्ही सगळे चोवीस तास घरात. ४ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातल्या शाळा टप्प्याटप्प्याने उघडायला लागल्या, माझं शाळेत जाणं सुरू झालं आणि तांबू जन्मात पहिल्यांदा एकटी राहिली. तिथून पुढे तिने मला जे शिकवलं, ते इथे मांडते. तुमचं कुत्रं वेगळं, तुमच्या दिवसाची घडी वेगळी. जुळेल तेवढं घ्या.

१. एकटं राहणं कुत्र्याला उपजत येत नाही, ते शिकावं लागतं. माणसाची आणि कुत्र्याची सोबत किमान पंधरा हजार वर्षांची. एवढ्या काळात कुत्र्याने कामं पुष्कळ केली, पण सगळी माणसाच्या आसपास राहून. आई खोलीबाहेर गेली की लहान मूल कसं वागतं, हे तपासायची मानसशास्त्रात एक जुनी पद्धत आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी ती कुत्र्यांवर वापरली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मालक बाहेर गेला की कुत्र्यांचं खेळण्यातलं लक्ष उडायचं, अनोळखी माणूस सोबतीला असला तरी ती दाराशीच घोटाळत राहायची. हे वाचल्यावर ‘लाडावलंय कुत्रं’ हा शेरा मला फार उथळ वाटायला लागला. लाडाने हट्टीपणा येत असेल. पण माणूस दिसेनासा झाल्यावर अंगाला सुटणारा कंप लाडातून येत नाही.

२. आपण गेल्यावर काय होतं, ते आपल्याला कधीच दिसत नाही. आपण परत येतो तेव्हा शेपूट हलवणारं, आनंदाने वेडं झालेलं कुत्रं समोर असतं. खरी बातमी दिली ती शेजारच्या आजींनी. “ओ बाई, तुमी गेल्या की लई रडायलंय बघा ते,” एवढंच त्या म्हणाल्या. मग जुना मोबाईल कपाटावर ठेवून चित्रीकरण केलं. दाराखालच्या फटीला नाक लावून तांबू उभी होती. थंडीचे दिवस असूनही तोंड उघडं, जीभ बाहेर, धाप लागलेली. मधेच खिडकीशी जायची, पुन्हा फटीशी यायची. तिच्या आवडीची दूध-भाकरी दोन पावलांवर ठेवलेली होती, तिकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. बहुतेक कुत्र्यांचा सगळ्यात मोठा त्रास पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच होतो, हे मला नंतर कळलं. म्हणजे आपण बसस्टँडपर्यंत पोचतो न पोचतो, तेवढ्यात तिकडे सगळं होऊन गेलेलं असतं. त्रास कमी होतोय का, हेही मग असं पाहूनच ठरवावं लागतं. अंदाजावर भागत नाही.

३. आपलं जाणं दारापाशी सुरू होत नाही. ते सुरू होतं आपण केस विंचरतो तेव्हा. मनगटाला घड्याळ, पर्सची चेन, उन्हाचा रुमाल, खिळ्यावरच्या किल्ल्या, या क्रमाचा एकेक मणी तांबूने ओळखून ठेवला होता. रुमाल हातात घेतला की तिचे कान मागे जायचे, किल्ल्या वाजल्या की ती दाराला पाठ लावून बसायची. माझ्या सवयींचा इतका बारीक अभ्यास आजवर कुणी केला नसेल. उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. या खुणांचा आणि जाण्याचा संबंध सैल करायचा. किल्ल्या उचलायच्या आणि मेथी निवडत बसायचं. रुमाल बांधून चहा ठेवायचा. घड्याळ घालून पेपर वाचायचा. असं दिवसातून कितीतरी वेळा, रविवारीसुद्धा. हळूहळू किल्ल्यांचा आवाज हा नुसता किल्ल्यांचा आवाज उरतो.

४. वेळ वाढवायचा तो कुत्र्याच्या गतीने. सुरुवात दाराबाहेर नुसतं एक पाऊल टाकून लगेच आत येण्याने होते. मग काही सेकंद, मग मिनिट, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. नियम एकच: कुत्रं अस्वस्थ व्हायच्या आत परत यायचं. ते रडायला लागल्यावर आलो, तर त्याच्या वाट्याला भीतीचाच सराव येतो. शिवाय वेळ दर वेळी वाढवत नेऊ नये. आज दहा मिनिटं झाली तर पुढची खेप तीन मिनिटांची, मग बाराची. नाहीतर प्रत्येक जाणं आधीच्यापेक्षा जड, हे त्याच्या लक्षात येतं. आमच्या जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच आहे. देव वर्षातला बराचसा काळ अणदूरला आणि उरलेला नळदुर्गजवळच्या मैलारपूरला असतो. पौष पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. देव हलला तरी अणदूरकरांना धीर असतो, कारण त्याच्या परतण्याचा नेम ठरलेला आहे. कुत्र्याला पंचांग नाही. पुन्हा पुन्हा घडलेल्या गोष्टीतूनच त्याला नेम कळतो, आणि तो घडवणं आपल्या हातात असतं.

५. फाटलेली चादर हा राग नसतो. दाराची चौकट ओरबाडणं, चपला चावणं, घरात लघवी होणं, यांत सूड शोधायची आपल्याला घाई असते. ‘बघा, कसं अपराधी तोंड करून बसलंय’ असंही आपण म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. कुत्र्याने खरंच आगळीक केली होती की नव्हती, यावर ते ‘अपराधी’ तोंड अवलंबून नव्हतं. मालक रागावला की ते दिसायचं. आपल्या रागाला दिलेला तो प्रतिसाद असतो. चादर फाटून दोन तास झालेले असतात, रागावणं आत्ताचं असतं, आणि या दोहोंचा मेळ कुत्र्याला घालता येत नाही. त्याला एवढंच उमगतं की माणूस घरी आला की काहीतरी वाईट होतं. मग आधी आपल्या जाण्याची भीती होती, तिच्यात आपल्या येण्याची भर पडते. म्हणून घरी आल्यावर फाटलेलं गुपचूप आवरावं आणि कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवावा.

६. खाणं हे खुशीचं माप आहे. जे कुत्रं एकटं असताना खातं, त्याचं मन बऱ्यापैकी थाऱ्यावर असतं. जे खात नाही, त्याच्या पुढ्यात पक्वान्न ठेवूनही उपयोग नाही. म्हणून ताटातली भाकरी संपली का, हे मी घरी आल्यावर सगळ्यात आधी बघते. थोडा धीर आल्यावर खाणं हुडकायला लावावं. आम्ही धुतलेल्या बारदानाच्या घड्यांत ज्वारीच्या भाकरीचे कोरडे तुकडे लपवतो. नाकाने शोधत शोधत खाण्यात कुत्र्याचा वेळ जातो आणि मनही शांत होतं. हा खेळ आधी आपण घरात असताना चांगला रुळवायचा, बारदान फाडून गिळणारं कुत्रं नाही ना याची खात्री करायची, मग एकट्यासाठी ठेवायचा. निघण्याआधी दमदार फेरफटका झाला असेल तर निम्मं काम तिथेच होतं. एक सावधगिरी मात्र हवीच. आपल्या भागात घरोघरी द्राक्षं आणि बेदाणे असतात. त्यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते. कांदा आणि चॉकलेटही विषारी. एकट्या कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशा जागी यातलं काही ठेवू नये.

७. आमच्याकडे एकटेपणाचा विचार उन्हाला वगळून करता येत नाही. धाराशिव बालाघाटच्या डोंगरावर आहे, तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच ते अंग थंड करतं. पत्र्याचं छत, बंद खिडक्या आणि मधेच गेलेली वीज, एवढं जमलं की घराची भट्टी होते. म्हणून उन्हाळ्यात तांबूची जागा बदलते. पश्चिमेची खोली बंद, मधल्या फरशीवर ओलं पोतं, जाळीच्या खिडक्या उघड्या. पाणी पसरट मातीच्या परळात, तेही दोन ठिकाणी, एक सांडलं तर दुसरं असावं म्हणून. गोरोबाकाका कुंभारांचं तेर आमच्याच जिल्ह्यातलं. मातीच्या भांड्यातलं पाणी किती गार राहतं हे इथे कुणाला सांगायला नको. आणखी एक लक्षात ठेवलेलं बरं: धाप भीतीनेही लागते आणि उकाड्यानेही. दुपारच्या चित्रीकरणात कुत्रं धापत दिसलं तर आधी खोलीत हवा आहे का ते बघावं, मनाचा विचार त्यानंतर.

८. काही वेळा प्रश्न मनाचा नसतोच, आणि काही वेळा तो नुसत्या सरावाने सुटत नाही. घरात लघवी होत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो; म्हातारं कुत्रं अचानक एकटं राहीनासं झालं तर दुखणं, कमी झालेली नजर किंवा ऐकू न येणं हे कारण असू शकतं. म्हणून पहिली फेरी पशुवैद्यकाकडे. आपल्याकडच्या दवाखान्यांत गाई-म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्यांची रांग मोठी असते, कुत्र्याच्या घाबरण्याबद्दल विचारायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, गरज पडली तर तिथवर जावं. कुत्र्यांच्या या त्रासावर क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधं जगभर वापरली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती सरावाच्या जोडीनेच उपयोगी पडतात. माणसाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत. औषध द्यावं लागणं म्हणजे आपण किंवा आपलं कुत्रं कमी पडलं, असं मुळीच नाही. भीतीने गांगरलेल्या जिवाला काही शिकता येत नाही. औषध त्याला शिकण्याइतकं शांत करतं.

९. एकटं राहायला शिकवण्यासाठी माणसं लागतात. हे मला सगळ्यात उशिरा उमगलं आणि सगळ्यात खोल भिडलं. सराव चालू असताना कुत्र्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही, असं जाणकार सांगतात. पण शाळेची घंटा तर ठरलेल्या वेळी होणारच. त्या काळात शेजारच्या आजी धावून आल्या. त्या येऊन वाती वळत बसायच्या आणि तांबू त्यांच्या लुगड्याच्या काठाला टेकून झोपायची. यजमान आणि मी रजा वाटून घ्यायचो, मुलगी सुट्टीत पुण्याहून आली की तिची पाळी. ऊसतोडीला गेलेल्या घरांची कुत्री मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायाशी पडून असतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. तिथे न बोलता होत असलेली सोय शहरात ठरवून करावी लागते, एवढाच फरक. आणि शेजारी कुणी कुत्र्याच्या रडण्याची तक्रार घेऊन आलं, तर त्यांना आधी घरात बसवावं, काय चाललंय ते सांगावं. तक्रार करणाऱ्याच्याच घरात उद्याची सोबत सापडू शकते.

१०. परत येणं हेच खरं शिक्षण आहे. स्वीडनमधल्या एका अभ्यासात, २०११ साली, कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून पाहिलं. दोन तासांनी परतलेल्या माणसाचं स्वागत अर्ध्या तासानंतरच्या स्वागतापेक्षा अधिक जोरात झालं. किती वेळ एकटं राहावं लागलं, याचा कुत्र्यांवर परिणाम होतो. ‘त्याला काय कळतंय’ म्हणत आपण वेळ लांबवत नेतो, तेव्हा हा परिणाम आपण नाकारत असतो. आज तांबू माझ्या शाळेच्या वेळात बहुतेक दिवस झोपून काढते. फटाक्यांच्या दिवसांत, किंवा आम्ही पाहुण्यांकडून उशिरा परतलो तर, ती पुन्हा दाराशी जाते आणि आम्ही पुन्हा थोड्या वेळाच्या सरावापासून सुरू करतो. मागे पडणं हाही या शिकण्याचाच भाग आहे.

म्हणून पिल्लू घरी आणणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिल्या आठवड्यापासूनच त्याला बंद दाराची ओळख करून द्या, ते पेंगुळलेलं असताना, एका वेळी एक-दोन मिनिटं. आणि आणण्याआधी घरात बसून ठरवा की दिवसातले किती तास कोण घरी असेल, अडीनडीला कुणाला हाक मारता येईल. उत्तर मिळत नसेल तर थोडं थांबा. गल्लीतल्या कुत्र्याला रोज भाकरी-पाणी आणि वेळेवर लस द्या. तीही मोलाचीच सोबत आहे. पण एकदा उंबऱ्याच्या आत घेतलं, की आपल्या येण्याजाण्याचा हिशेब त्यालाही द्यायचा असतो.