दोष ना मुलाचा, ना आईचा

मध्यंतरी एक आजी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, काल शिकवलेलं ह्याला आज आठवत नाही. एका जागी बसत नाही. शाळेत रोज मार खातो, तरी तीच चूक पुन्हा करतो," असे त्यांचे गाऱ्हाणे. मुलाचे डोके वयाच्या मानाने लहान, डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट. मी हळूच विचारपूस केली. आजी मान खाली घालून म्हणाल्या, "सून कामावरून आली की अंग दुखतं म्हणून घोट-दोन घोट घ्यायची. दिवस गेलेत हे तिलाच तीन महिने कळलं नव्हतं."

हा विकार काय आहे?

आईने घेतलेले मद्य वारेतून बाळाच्या रक्तात उतरते. बाळाचे यकृत कच्चे असल्याने त्याचा निचरा होत नाही आणि वाढत्या मेंदूला इजा होते. १९६८ मध्ये फ्रान्सच्या डॉ. लमोआन यांनी व १९७३ मध्ये अमेरिकेच्या डॉ. जोन्स व डॉ. स्मिथ यांनी अशा मुलांची लक्षणे नोंदवली. यालाच 'फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर' म्हणतात. हातभट्टी असो, शिंदी असो की बिअर, गरोदरपणात कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. म्हणून ती 'मठ्ठ' किंवा 'द्वाड' ठरतात. मेंदूची इजा भरून येत नाही, पण लवकर ओळखल्यास मूल पुष्कळ सावरते.

यांच्या बाजूने कोणी बोलावे?

सर्वांत आधी त्यांनी स्वतः. कॅनडा-अमेरिकेतील मायल्स हिमेलरीच, सी. जे. लटकी आणि एमिली हारग्रोव्ह यांना हाच विकार आहे. त्यांनी आपल्यासारख्या पाचशेहून अधिक प्रौढांना प्रश्न विचारले आणि २०२० मध्ये दाखवून दिले की, हा विकार केवळ मेंदूचा नाही. साऱ्या शरीराची दुखणी कमी वयातच मागे लागतात. डॉक्टरांनी न विचारलेले प्रश्न रुग्णांनी विचारले!

आपल्या जिल्ह्यातही असे पुढारीपण नवे नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केले आणि गावाने त्यांचे ऐकले. याही प्रश्नावर आई, आजी, आशाताई बोलू लागल्या तर लाज मोडेल.

काय करावे?

१) दिवस राहण्याची शक्यता असल्यास मद्य टाळावे. पोटुशी बाई पीत असेल तर रागावू नये. रागावल्याने ती लपवते. ज्या दिवशी थांबेल त्या दिवसापासून बाळाचा फायदाच आहे. मात्र रोज भरपूर पिणारीने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे. नवऱ्यानेही सोडली तर तिला सोपे जाते.

२) शंका असल्यास अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवावे. गरोदरपणातील मद्याची गोष्ट लपवू नये.

३) २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत या विकाराचे नाव नाही. पण बौद्धिक दिव्यांगता व अध्ययन अक्षमता त्यात आहेत. तपासणीत त्या आढळल्यास प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे.

४) शिक्षकांनी एका वेळी एकच सूचना द्यावी, ती पुन्हा पुन्हा सांगावी, रोजचा क्रम बदलू नये. मार देऊन काहीही साधत नाही.

त्या मुलाचे निदान नुसत्या चेहऱ्यावरून करणे योग्य नव्हते. मी चिठ्ठी देऊन त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवले. निघताना आजींनी विचारले, "म्हणजे हा मुद्दाम करत नाही?" नाही, आजी. हीच गोष्ट आता त्याच्या गुरुजींना सांगा.