इंजिनिअरिंगचा प्रवेश आणि नोकरीचा खरा उतारा

(ऊस विकास विभागाकडून)



जून-जुलैत गट ऑफिसवर सभासद येतात ते आडसालीचे बेणे, लागणीची नोंद आणि खताची उचल यांसाठी. अलीकडे त्यात आणखी एक चौकशी वाढली आहे. कामाचे बोलणे झाले, चहा झाला, की सभासद जरा घुटमळतात आणि विचारतात, "साहेब, पोराला इंजिनिअरिंगला घालायचं म्हणतोय. कुठलं कॉलेज चांगलं? नोकरी लागंल का?"

आम्ही इंजिनिअर नाही. आमचा डिप्लोमा शेतकीचा. पण ही चौकशी इतक्या वेळा झाली की आम्हालाही थोडा अभ्यास करावा लागला. कारखान्याच्या अभियांत्रिकी खात्यातील मंडळींशी बोललो, सभासदांची शिकून आलेली मुले भेटली, दोन-चार कॉलेजांचे कागद पाहिले. त्यातून जे समजले ते या अंकात मांडत आहोत.

यंदाच्या जूनमध्ये एक जुने सभासद आले. अडीच एकर बागायत, त्यात दोन एकर ऊस. मुलाला बारावीला बरे गुण, सीईटीत मात्र बेताचे. एका खाजगी कॉलेजात संस्थेच्या कोट्यातून कॉम्प्युटरची जागा मिळते म्हणून कोणी मध्यस्थाने सांगितलेले. त्यासाठी रस्त्याकडेची वीस गुंठे विकायची तयारी. "आबा, कॉलेजात जाऊन आलात का?" म्हटले, तर म्हणाले, "जाऊन आलो की. फाटकावरच बोर्ड हाय, शंभरातल्या पंच्याण्णव पोरास्नी नोकरी." बोर्डावरच्या या पंच्याण्णव टक्क्यांवर वीस गुंठे जमीन जाणार होती. म्हणून प्रथम या टक्क्यांचाच विचार करू.

आपल्याला उतारा समजतो. गव्हाणीत पडलेल्या सगळ्या उसाचे वजन खाली आणि तयार झालेली साखर वर, असा तो हिशेब. समजा एखाद्या कारखान्याने कोवळा, वाळका, पाचटाचा ऊस हिशेबातून काढून टाकला आणि फक्त निवडक उसावर उतारा जाहीर केला, तर आकडा झकास दिसेल, पण सभासद तो मानतील का? कॉलेजच्या प्लेसमेंटच्या टक्क्यात बहुतेक वेळा हेच झालेले असते.

समजा एका शाखेत पहिल्या वर्षाला ६० मुले बसली. चार वर्षांत वेळेवर पास झाली ४४. कंपन्यांची अट असते की दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के हवेत आणि एकही विषय मागे राहिलेला नको. त्या चाळणीतून उरली ३२. त्यातल्या ३० जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवले. कंपन्यांची पत्रे आली २७. सत्तावीस भागिले तीस, म्हणजे नव्वद टक्के, आणि बोर्ड तयार झाला! आता पुढे पाहा. सहा मुलांना दोन-दोन पत्रे आली होती, म्हणजे प्रत्यक्ष मुले २१. गव्हाणीत पडलेली होती ६०. खरा उतारा भरला पस्तीस टक्के. बोर्डावरचा एकही आकडा खोटा नाही, फक्त भागायचे कशाने ते कॉलेजने आपल्या सोयीने ठरवले.

शिवाय पत्र आणि नोकरी यांतही अंतर असते. पत्र हातात असून हजर व्हायला बोलावणे येत नाही म्हणून महिनोन्महिने घरी बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत. २०२३-२४ या वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही मोठ्या कंपन्यांची माणसे वर्षअखेरीस आदल्या वर्षापेक्षा कमी भरली. भरती आटली की पहिला फटका बसतो तो नव्या पोरांना.

दुसरा शब्द 'पॅकेज'. वर्षाला साडेचार लाखांचे पॅकेज म्हणजे महिना साडेसदतीस हजार हातात, असा हिशेब आपण करतो. तसे नसते. त्यात कंपनी भरते तो प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि 'काम पाहून देऊ' अशी रक्कमही धरलेली असते. हातात किती येतात हा निराळा प्रश्न आहे आणि तो निराळाच विचारावा. त्यातून पुण्यातली खोली आणि मेस वजा करावी.

तिसरा शब्द 'सरासरी'. दहा मुलांपैकी नऊ जणांना तीन-तीन लाख आणि एकाला तेहेतीस लाख, तर सरासरी येते सहा लाख. नऊ जणांना त्याच्या निम्मेच मिळाले. आपल्या गावातही एखाद्याचा ऊस एकरी शंभर टन निघतो आणि गावाची सरासरी फुगते, म्हणून प्रत्येकाच्या वावरात तेवढा निघत नाही. तेव्हा मुलांना पगाराप्रमाणे ओळीने उभे केले तर मधल्या मुलाचा पगार किती, हे विचारायचे. याला इंग्रजीत मीडियन म्हणतात. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना हा मधला आकडा द्यावा लागतो. त्याच तक्त्यात प्रवेश किती, वेळेवर पास किती, नोकरीला लागले किती, पुढे शिकायला गेले किती हेही असते. २०१६ पासून ही क्रमवारी निघते आणि तक्ते इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. माहिती कॉलेजनेच भरलेली असते हे खरे, तरी फाटकावरच्या बोर्डापेक्षा ती बरी. घरातल्या मुलाला किंवा मुलीला फोनवर काढायला सांगा, दहा मिनिटांचे काम आहे.

आता थोडे मागे जाऊ. १९८३ पूर्वी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची कॉलेजे मोजकी होती. पुण्याचे १८५४ चे, मुंबईचे व्ही.जे.टी.आय., सांगलीचे १९४७ चे वालचंद, कराडचे १९६० चे सरकारी, अशी बोटावर मोजण्याइतकी. ऐपत असलेल्यांची मुले कर्नाटकात देणगी भरून शिकत. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान कॉलेजांना परवानगी मिळाली आणि लोणी, वारणानगर, साखराळे अशा साखरेच्या गावांतूनच कॉलेजे उभी राहिली. शेतकऱ्याचा मुलगा घरची भाकरी बांधून इंजिनिअर होऊ लागला, हे मोठेच काम झाले आणि ते सहकाराच्या पट्ट्यात झाले. पुढे मात्र कॉलेजे इतकी वाढली की जागा रिकाम्या राहू लागल्या, आणि २०२० साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नव्या कॉलेजांना काही काळ परवानगीच थांबवली. २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांवरची जागांची कमाल मर्यादा उठली आणि पुष्कळ ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. सगळ्या गावाने एकाच महिन्यात लागण केली तर तोडणीला काय होते ते आपण जाणताच. या वाढीव तुकड्या एकदमच बाजारात उतरणार आहेत.

बेकार इंजिनिअर ही गोष्ट आजची नाही. १९६६-६७ नंतरच्या मंदीतही पदवीधर इंजिनिअर रिकामे बसले होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन पदवी आणि डिप्लोमावाल्या इंजिनिअरांचाही त्यात समावेश झाला. ही सोय आजही आहे, पण आपल्या मुलांना तिची माहिती नसते, आणि असली तर कमीपणा वाटतो. साधारण वर्षभराची उमेदवारी असते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये झाले. रक्कम लहान आहे, पण वर्षअखेरीस हातात अनुभवाचा सरकारी दाखला पडतो, आणि पहिल्या नोकरीला लोक तोच मागतात.

एका सभासदाच्या मुलाची हकीकत सांगण्यासारखी आहे. नाव-गाव सांगत नाही. मुलगा मेकॅनिकल, २०१९ साली पास झाला. कॅम्पसमध्ये काही लागले नाही. पुण्यात खोली करून एक क्लास, मग दुसरा क्लास, मग सॉफ्टवेअरचा तिसरा. दोन वर्षे घरून पैसे जात होते. मग लॉकडाउनमध्ये परत आला तो परत गेला नाही. वडील गावात सांगत, "त्याचं काम घरनंच चालतं." आम्ही शिवारात गेलो की तो मुलगा आम्हाला टाळायचा. एकदा ठिबकच्या फिल्टरपाशी सापडला. प्रेशर कमी का येते ते त्याने इतके नीट समजावून सांगितले की आम्ही म्हटले, "अरे, तुझं शिक्षण वाया गेलेलं नाही, पत्ता चुकलाय." पुढे तो एका कारखान्याच्या सहवीजनिर्मितीत उमेदवार म्हणून लागला. पहिली नाईट शिफ्ट करून आला त्या दिवशी वडिलांनी स्वतः फोन केला, आणि बोलणे मात्र खोडव्याच्या पाण्याचे केले. आता तो मुलगा बॉयलरच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे.

या बॉयलरच्या परीक्षेबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण हे काम आपल्या अंगणातले आहे. मोठ्या बॉयलरवर 'बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर' ही परीक्षा पास झालेला माणूस लागतो. परीक्षेला बसायला डिग्री किंवा डिप्लोमा आणि बॉयलरवरचा अनुभव हवा. साखर कारखाने, डिस्टिलऱ्या, कागद गिरण्या, रासायनिक कारखाने, सगळीकडे या माणसाला किंमत आहे. तसेच मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची १९३६ ची राष्ट्रीय शर्करा संस्था येथे पदवीनंतर साखर उद्योगाचे वेगळे शिक्षण मिळते. आजचा कारखाना निव्वळ साखरेचा राहिलेला नाही. वीज आहे, इथेनॉल आहे, गाळपाचे नियंत्रण काचेच्या केबिनमधून होते. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, केमिकल या मुलांना येथे काम आहे. अर्थात आम्ही आपल्याच धंद्याची जाहिरात करतो असे होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. काम हंगामाचे आणि पाळीचे. सुरुवातीचा पगार शहरापेक्षा कमी, आणि काही कारखान्यांत तो वेळेवर होत नाही, हे आपल्याला माहीत नाही असे थोडेच आहे! आणि आपल्या कारखान्यात 'सभासदाचा मुलगा' म्हणून जागा निघेल या आशेवर कोणी डिग्री घेऊ नये. दोन जागांची जाहिरात निघाली तरी अर्जांचा ढीग पडतो.

सरकारी वाटाही आहेत. राज्याच्या बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत सिव्हिलवाल्यांची भरती होते, वीज कंपन्यांत इलेक्ट्रिकलवाल्यांची. एनटीपीसी, पॉवर ग्रिड अशा केंद्राच्या कंपन्या 'गेट' परीक्षेच्या गुणांवर मुले घेतात. त्याच गुणांवर एम.टेक.ला गेल्यास महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. मात्र गेटचा अभ्यास तिसऱ्या वर्षात सुरू करायचा. पदवी झाल्यावर सुरू करणारा दोन वर्षे घालवतो.

आता पैशाचे. आम्ही आबांना उसाच्या टनात हिशेब करून दाखवला. समजा फी वर्षाला एक लाख, राहणे-जेवण ऐंशी हजार, एकूण एक लाख ऐंशी हजार. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात २,८०० धरले, तर हे झाले सुमारे ६४ टन. एकरी ४० टनांनी १.६ एकरांचा सगळा ऊस. त्यातला निम्मा पैसा मशागत, खत, पाण्यात जातो असे धरले, तर सव्वातीन एकरांचा नफा दरसाल, तोही चार वर्षे. आबांचा ऊस दोन एकर. कागदाकडे बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आणखी एक अडचण अशी की फी भरायची ती पावसाळ्यात, तेव्हा ऊस वावरात उभा असतो आणि बिल यायला हंगाम उजाडावा लागतो. मधले चार महिने सावकाराचे होऊ देऊ नका. शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते, हे बँकेतला माणूस सांगेलच असे नाही.

देणगीबद्दल स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेणे हा गुन्हा आहे. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते आणि ती पाहता येते. तिच्यापेक्षा जास्त आणि पावतीशिवाय पैसे मागणारा मध्यस्थ दारात उभा करू नये. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झाला असेल, तर निम्मी शिक्षण फी माफ होते. २०२४-२५ पासून त्याच मर्यादेत मुलींची संपूर्ण शिक्षण फी माफ झाली आहे. मुलाला इंजिनिअरिंगला आणि तेवढेच गुण असलेल्या मुलीला जवळच्या कॉलेजात 'काहीतरी' शिकायला घालणारे सभासद आमच्या माहितीत आहेत. त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. संस्थेच्या कोट्यातून गेलेल्याला या सवलती मिळत नाहीत, हेही आबांना तेव्हाच कळले.

आबा मुलाला घेऊन पुन्हा त्या कॉलेजात गेले. आम्ही तीनच प्रश्न लिहून दिले होते. चार वर्षांपूर्वी या शाखेत बसले किती आणि वेळेवर पास झाले किती? नोकरीला लागलेल्यांची नावे आणि कंपनीवार यादी दाखवता का? मधल्या मुलाचा पगार किती? यादी ऑफिसात नाही, मोठे साहेब रजेवर आहेत, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका कॉलेजात क्लार्कने यादी काढून समोर ठेवली, मागच्या वर्षीच्या दोन मुलांचे फोन नंबरही दिले. आकडे फार मोठे नव्हते. मुलाने केंद्रीय फेरीत तेथे इलेक्ट्रिकलची जागा घेतली. वीस गुंठ्यांत आबांनी आडसाली लावली आहे.

ज्यांची मुले-मुली यंदा बारावीत आहेत त्यांनी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी व नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता आत्ताच तहसील कचेरीतून, आणि जात पडताळणी जिल्हा जात पडताळणी समितीकडून, काढायला टाकावीत. जूनमध्ये तेथे रांग लागते. उत्पन्नाच्या कामासाठी ऊस बिलाचा उतारा लागल्यास तो गट ऑफिसवर मिळेल. येताना सभासद क्रमांक आणावा.

— ऊस विकास अधिकारी