ओढ्यातून वाहून जाणारे गंधक : खरिपाआधीचा हिशेब

पहिल्या मोठ्या पावसात ओढा गढूळ झाला की माती चालली, हे शेतकऱ्याला लगेच कळते. त्याच पाण्यातून गंधकही जात असते. ते विरघळलेले असते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

पाणलोटातल्या या जमाखर्चाची नेटकी वही अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमध्ये, हबर्ड ब्रूकच्या जंगलात आहे. तिथे १९६३ मध्ये जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाचे आणि ओढ्याचे पाणी तपासायला सुरुवात केली. ओढ्यावर काँक्रीटचा बुटका बांध आणि त्याला निमुळती खाच. खाचेतल्या पाण्याची उंची मोजली की किती पाणी गेले ते कळते. तळाचा खडक घट्ट असल्याने पाण्याला दुसरी वाट नाही. पावसाचा सामू ४ च्या आसपास निघाला. कोळशाच्या धुरातले गंधक आम्ल होऊन खाली येत होते. पुढे १९७० आणि १९९० च्या हवा-प्रदूषणविरोधी कायद्यांमुळे धुराड्यांतले गंधक घटले, पावसातलेही घटले. ओढ्यातून मात्र पावसाने आणले त्याहून जास्त गंधक जात राहिले. मातीत वर्षानुवर्षे साठलेली शिल्लक बाहेर पडत होती. पावसातून मिळणारे गंधक असे घटल्यावर अमेरिकेतल्याच आयोवा राज्यात मक्याला आणि लसूणघासाला अनेक शेतांत आता गंधक विकत घेऊन घालावे लागते.

महाराष्ट्रात गंधक आटले ते बरेचसे खताच्या पोत्यामुळे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के गंधक असते. डीएपीत ते नसतेच. सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद आणि २० किलो गंधक धरले, तर एकरी तीन पोती सुपर फॉस्फेटमधून स्फुरद भागते आणि १६ किलो गंधक आपोआप मिळते, म्हणजे गरजेच्या दुप्पट. डीएपीच्या एका पोत्यात स्फुरदाचे काम होते, वाहतूकही वाचते, पण गंधकाची बाजू कोरी राहते.

म्हणून मेमध्येच माती परीक्षण करावे आणि त्यात गंधक तपासायला आवर्जून सांगावे. उपलब्ध गंधक १० पीपीएमच्या खाली असेल तर ते द्यायलाच हवे. हलक्या, कमी सेंद्रिय कर्बाच्या जमिनीत आधी शंका घ्यावी. मातीतले बहुतेक गंधक सेंद्रिय पदार्थात असते आणि सल्फेट झालेले पाण्याबरोबर सहज झिरपते. शेणखत इथे खरोखर उपयोगी पडते.

पिकात ओळखायची खूण सोपी आहे: नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने पिवळी पडतात, गंधक कमी पडले तर शेंड्याची कोवळी.

भुईमुगाला गंधकासाठी हेक्टरी ४०० किलो जिप्सम द्यायचे असेल तर ते एकदम टाकू नये. निम्मे पेरणीला आणि निम्मे आऱ्या सुटताना झाडाच्या बुंध्याशी द्यावे, म्हणजे मधल्या जोरदार सरीत सगळे ओढ्याला जाणार नाही. पिवळे गंधक वापरायचे असेल तर जिवाणूंनी त्याचे सल्फेट करायला ओल आणि काही आठवडे लागतात, हे धरून ते वेळेआधी मातीत मिसळावे.