गुहा-संशोधन आणि समान वाट्याचा नियम

गावाने आपला वाटा आधी भरावा, मग शासनाचे अनुदान सुटेल, ही अट ग्रामपंचायतींना लोकवर्गणीच्या रूपाने चांगलीच परिचयाची आहे. नळपाणी योजना वा शाळाखोली यांबाबत ती समजण्यासारखी असते. लाभ कोणाला होणार, हे गावाच्या डोळ्यांसमोर असते. परंतु जमिनीखालील गुहांच्या शास्त्रीय अभ्यासालाही हीच अट लावली, तर काय घडते? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९९८ साली केलेला एक कायदा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

येथे गुहा म्हणजे वेरूळ-अजिंठ्याची लेणी नव्हेत. ती माणसाने काळ्या पाषाणात छिन्नीने कोरली. प्रस्तुत गुहा पाण्याने कोरलेल्या आहेत. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी बनते. चुनखडकाच्या भेगांतून ते झिरपू लागले, की हजारो-लाखो वर्षांत खडक विरघळून भुयारे, दालने आणि भूमिगत नद्या तयार होतात. अशा प्रदेशाला भूगोलात ‘कार्स्ट’ म्हणतात. स्लोव्हेनिया व इटली यांच्या सीमेवरील एका पठाराच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्टचा असल्याने हे भूरूप आपल्याकडे क्वचितच आढळते. भारतात ते पाहावयाचे, तर मेघालयाच्या डोंगरांत जावे.

या प्रदेशांचे महत्त्व केवळ लवणस्तंभांच्या सौंदर्यात नाही. अमेरिकेत पिण्यासाठी जे भूजल वापरले जाते, त्यातील सुमारे ४० टक्के कार्स्ट प्रदेशातून येते. वाळू-मातीच्या थरांतून पाणी जसे गाळले जाते, तसे ते येथे गाळले जात नाही. एखाद्या खड्ड्यात टाकलेली घाण थोड्याच दिवसांत मैलोगणती दूरच्या झऱ्यात उतरू शकते. शिवाय पोकळीवरचे छत खचले, तर वरचा रस्ता आणि घर दोन्ही खाली जातात.

कायद्याची पार्श्वभूमी

न्यू मेक्सिको राज्यातील कार्ल्सबाद येथील गुहा पूर्वीपासून प्रसिद्ध होत्या. १९३० साली त्या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९८६ साली त्याच उद्यानात लेचुगिया गुहेच्या तोंडातील दगडमाती उपसून शोधक आत उतरले, आणि आजवर २४० किलोमीटरहून अधिक लांबीची भुयारे मोजली गेली आहेत. दोनच वर्षांनी, १९८८ साली, केंद्र शासनाच्या जमिनीवरील महत्त्वाच्या गुहांना संरक्षण देणारा कायदा झाला. गुहेचे नेमके स्थान गुप्त ठेवावे. संशोधन संस्थेस ते हवे असल्यास तिने लेखी विनंती करून हेतू सांगावा व गुप्ततेची हमी द्यावी, असा दंडक त्यात आहे. परवान्यांचे शुल्क, जप्त अनामती व दंड यांचा स्वतंत्र निधी करून तो गुहांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी राखण्याची तरतूदही आहे. तथापि, शुल्क आणि दंड यांच्या बळावर संशोधन उभे राहत नाही, हे उघडच होते.

समान वाटा

३० ऑक्टोबर १९९८ रोजी राष्ट्रीय गुहा व कार्स्ट संशोधन संस्थेचा कायदा संमत झाला. संस्था कार्ल्सबाद उद्यानाच्या परिसरात, परंतु उद्यानाच्या हद्दीबाहेर असावी. राष्ट्रीय उद्यान सेवेने ती एखाद्या सार्वजनिक वा खाजगी संस्थेच्या जोडीने चालवावी, असे ठरले. गुहाशास्त्राची वाढ, माहितीचे एकत्रीकरण आणि लोकशिक्षण ही तिची प्रमुख उद्दिष्टे होत.

यातील निधीची अट थोडक्यात अशी: केंद्राबाहेरून जितकी रक्कम येईल, तितकीच रक्कम केंद्राच्या तरतुदीतून खर्च करता येईल. संस्थेला खाजगी देणग्या स्वीकारण्याची व अन्य केंद्रीय खात्यांकडून रक्कम वर्ग करून घेण्याची मुभा देण्यात आली. पण दुसऱ्या केंद्रीय खात्याचा डॉलर हा अखेर केंद्राचाच डॉलर, त्याने जोडीचा वाटा भरत नाही. गंमत अशी, की कायद्यात अनुदानाचा कमाल आकडा घातलेलाच नव्हता. आवश्यक तेवढी रक्कम, एवढेच शब्द होते. मर्यादा होती ती दुसऱ्याच्या खिशात.

हा दुसरा खिसा प्रामुख्याने न्यू मेक्सिको राज्याचा ठरला. राज्याचा पैसा ‘न्यू मेक्सिको टेक’ या विद्यापीठामार्फत आला, कार्ल्सबाद नगर शासनाने साथ दिली, आणि २००६ साली संस्थेला ना-नफा स्वरूप मिळाले. २०११ साली तिचे कामकाज कार्ल्सबाद शहरातील नव्या इमारतीत सुरू झाले. केंद्र, राज्य व नगर अशा तिघांच्या भागीदारीचे हे उदाहरण निश्चितच अनुकरणीय आहे. स्थानिक आस्था असल्याखेरीज केंद्राचा पैसा वाया जाऊ नये, हा अटीमागचा हेतूही रास्त म्हणावा लागेल.

तरीही एक अडचण नजरेआड करता येत नाही. कार्स्ट प्रदेश केंटकी, मिसुरी, फ्लोरिडा, टेक्सास अशा अनेक राज्यांत पसरलेला आहे. संस्था राष्ट्रीय, पण तिच्या थैलीची दोरी मुख्यतः एका राज्याच्या अर्थसंकल्पाशी बांधली गेली. शिवाय निम्मा वाटा भरणारा साहजिकच आपल्या दारातील प्रश्न आधी पुढे करतो. २०१२ साली लेचुगियाच्या एका भागातील जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस लाख वर्षे बाह्य जगापासून अलग राहिलेल्या त्या जिवाणूंत अनेक प्रतिजैविकांना दाद न देण्याची शक्ती आढळली. वैद्यकाला मोलाचे असे हे ज्ञान. पण कोणते नगर त्यासाठी आधी वर्गणी काढील?

दारातील प्रश्न मात्र लहान असतोच असे नाही. कार्ल्सबादच्या परिसरात खनिज तेलाच्या विहिरी खोदण्यासाठी खारे पाणी लागते. मिठाच्या थरात गोडे पाणी सोडून ते खारे करून वर काढण्याची पद्धत तेथे होती. अशा दोन विहिरी २००८ साली, काही महिन्यांच्या अंतराने, त्याच काउंटीत कोसळून प्रचंड विवरे पडली. तशीच तिसरी विहीर खुद्द शहराच्या दक्षिण भागात होती. तिच्या वर दोन महामार्गांचा संगम, जवळ पाटाचा कालवा आणि वस्ती. ही पोकळी पाण्याने निसर्गतः नव्हे, तर माणसाने खडक विरघळवून केलेली. पण तिचा माग काढण्याची विद्या तीच. जमिनीत वीजप्रवाह सोडून थरांचा विरोध मोजण्याच्या तंत्राने संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा विस्तार शोधण्याचे काम केले. ती भरून काढण्याचा खर्च पुढे आठ कोटी डॉलरच्या घरात गेला, आणि तो राज्य, काउंटी व शहर यांनी वाटून घेतला.