तोरमल्लीची अंगठी : निवड आणि निगा

रायपूर शहराच्या जुन्या भागात ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला किंवा आळी. या प्रदेशावर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे मराठी कुटुंबांचा रायपूरशी संबंध फार जुना आहे. सराफांचा सदर बाजार ब्राह्मणपाऱ्यापासून दूर नाही. घरात साखरपुडा ठरला की वडीलधारी मंडळी तिकडेच वळतात. सोन्याची पारख थोडीफार प्रत्येक घरात असते. खड्याची मात्र सहसा नसते. लाल खडा दिसला की तो माणिक आणि हिरवा दिसला की पाचू, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु या दोन्ही रंगांत आढळणारे आणखी एक रत्न आहे. त्याचे नाव तोरमल्ली. ते हलक्या प्रतीचे रत्न नव्हे. तथापि माणिक समजून ते विकत घेणे आणि माणिक समजूनच ते वापरणे, या दोन्ही चुका महाग पडतात.

पहिली चूक राजघराण्यांच्याही हातून झाली आहे. १७७७ मध्ये स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिला रासबेरीच्या फळासारखा कोरलेला एक मोठा लाल खडा भेट दिला. तो माणिक म्हणून नावाजलेला होता. पुढे शास्त्रीय परीक्षेत तो तोरमल्ली ठरला.

तोरमल्ली म्हणजे काय?

तोरमल्ली हे एकच खनिज नसून खनिजांचा एक गट आहे. बोरॉन, ॲल्युमिनियम व सिलिका हे घटक त्या सर्वांत असतात; त्यांच्या जोडीला लिथियम, लोह, मॅग्नेशियम, मँगॅनीज इत्यादी मूलद्रव्ये कमीअधिक प्रमाणात येतात. रंगांची विविधता त्यांच्यामुळेच उत्पन्न होते. लोह भरपूर असले की खडा काळा होतो, मँगॅनीजमुळे गुलाबी व लाल छटा येतात, तर ब्राझीलमधील काही खड्यांचा झगझगीत निळा रंग तांब्यामुळे आलेला आहे. कधी एकाच स्फटिकाचा गाभा गुलाबी आणि कड हिरवी असते; तो आडवा कापला की कलिंगडाची फोड पुढे ठेवल्यासारखी वाटते.

हे खनिज मुख्यतः पेग्मटाइट नावाच्या भरड कणांच्या अग्निज खडकात सापडते. छत्तीसगढात मैनपूरचे हिरे आणि देवभोगचे अलेक्झांड्राइट प्रसिद्ध आहेत. शेजारच्या ओडिशातील बलांगीर भागात तोरमल्ली मिळते. मात्र बाजारातील पुष्कळसे खडे ब्राझील, मोझांबिक, नायजेरिया व अफगाणिस्तान येथून येतात. रंगीत खड्यांना पैलू पाडण्याचे आपल्या देशातील मोठे केंद्र जयपूर हे होय.

राख ओढणारा खडा

अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी हे खडे श्रीलंकेतून युरोपात नेले. तापलेला खडा राखेचे कण आपल्याकडे ओढतो असे दिसून आल्यावर त्यांनी त्याला ‘राख ओढणारा’ असेच नाव दिले. १७५६ मध्ये एपिनस या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तापविलेल्या तोरमल्लीच्या एका टोकाला धन व दुसऱ्या टोकाला ऋण विद्युत् भार येतो. याचे कारण स्फटिकाच्या रचनेत आहे. त्याची दोन टोके परस्परांसारखी नसतात. तापमान बदलले की अंतर्गत भारांचा समतोल ढळतो आणि टोकांवर वीज प्रकट होते. दुकानाच्या दिव्याखाली ठेवलेल्या तोरमल्लीवर इतर खड्यांपेक्षा लवकर धूळ बसते, ती यामुळेच. हा गुण मनोरंजक खरा; पण अंगठी वापरणाऱ्याने तो ध्यानात ठेवला पाहिजे, हे पुढे दिसून येईल.

खड्याची निवड

खडा प्रथम दिवसाच्या उजेडात पाहावा. दुकानातील पिवळ्या दिव्याखाली लाल रंग अधिक खुलतो आणि फसगत होते. नंतर खडा फिरवून निरनिराळ्या दिशांनी पाहावा. तोरमल्लीत दिशेनुसार रंगाची गडदता बदलते. हिरवा स्फटिक लांबीच्या दिशेने पाहिला तर कित्येकदा जवळजवळ काळा दिसतो आणि आडवा पाहिला तर स्वच्छ हिरवा. चतुर कारागीर हे जाणूनच पैलू पाडतो. समोरून काळपट दिसणारा खडा वजनाने मोठा असला तरी घेऊ नये.

दुसरी परीक्षा दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाची. वरच्या सपाट पैलूतून खड्याच्या तळाकडील कडा न्याहाळाव्यात. तोरमल्लीत शिरणाऱ्या प्रकाशकिरणाचे दोन किरण होतात आणि त्यांच्या वाकण्यात बराच फरक असतो. म्हणून मागील कडा जोडीने दिसतात. माणिक व पाचू यांत हा फरक इतका अल्प असतो की, साधारण आकाराच्या खड्यात कडा एकेरीच भासतात. काचेत त्या कधीच दुहेरी दिसत नाहीत. उलट काचेत गोल बुडबुडे आढळतात. स्फटिकाच्या एका विशिष्ट दिशेने पाहिल्यास तोरमल्लीतही कडा एकेरी दिसतात, यास्तव खडा तिरपा करून पुन्हा पाहावा. अखेरचा निर्णय मात्र प्रयोगशाळेचा. तेथे प्रकाशाचा प्रणमनांक मोजतात; तोरमल्लीचा तो सुमारे १.६२ ते १.६४ आणि माणकाचा सुमारे १.७६ असतो.

गुलाबी व लाल खड्यांचा रंग काही वेळा किरणोत्साराच्या साहाय्याने गडद केलेला असतो आणि भेगांत राळ भरलेली असते. म्हणून विक्रेत्याकडून खड्याचे नाव, कॅरटमधील वजन व केलेले संस्कार पावतीवर लिहून घ्यावेत. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सोन्यावरील हॉलमार्क केवळ सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो, खड्याची नव्हे, हे विसरू नये. कोंदणासाठी १८ कॅरटचे सोने २२ कॅरटच्या सोन्यापेक्षा कठीण असल्याने खडा अधिक घट्ट धरून ठेवते. ज्या कोंदणात खड्याची कड चहूबाजूंनी सोन्याने वेढलेली असते, ते रोजच्या वापरास उत्तम.

अंगठीची निगा

तोरमल्लीचे काठिण्य ७ ते ७.५ असते, माणकाचे ९. सर्वसाधारण धुळीत क्वॉर्ट्‌झचे कण असतात आणि त्यांचे काठिण्य ७, म्हणजे जवळजवळ तोरमल्लीइतकेच असते. रायपूरच्या उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही आणि हा खडा तर धूळ ओढणारा! धुळकट अंगठी कोरड्या पदराने पुसणे म्हणजे तिच्यावर बारीक वाळू घासणे होय. अशाने पैलूंच्या धारा झिजतात व चमक मंदावते. म्हणून अंगठी कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ कुंचल्याने धुवावी, स्वच्छ पाण्यातून काढावी आणि मगच मऊ कापडाने टिपावी. भांडी घासताना, कणीक मळताना ती काढून ठेवावी. हिऱ्याच्या दागिन्यांबरोबर एका डबीत ती ठेवू नये. हिरा तिला ओरखडतो.

उष्णता हा तोरमल्लीचा खरा शत्रू आहे. विशेषतः लाल व गुलाबी खड्यांच्या पोटात द्रवाने भरलेल्या केसासारख्या बारीक पोकळ्या असतात. तापमान एकाएकी वाढले की द्रव फुगतो आणि खडा तडकतो. वाफेची अथवा ध्वनितरंगांची स्वच्छतायंत्रे या कारणास्तव वर्ज्य समजावीत.

समजा, ब्राह्मणपाऱ्यातील एखाद्या घरात आजीची अंगठी नातीच्या बोटात सैल होते आणि ती लहान करण्यासाठी कारागिराकडे जाते. घरात तिला सारे माणिक म्हणत आले असल्याने कारागिरालाही तसेच सांगितले जाते. माणिक बरीच उष्णता सोसते, या भरवशावर तो खडा न काढताच डाग देतो. ज्योतीच्या आचेने खडा दुभंगतो आणि तो पुन्हा सांधता येत नाही. दोष ना कारागिराचा, ना खड्याचा. दोष चुकीच्या नावाचा. पावतीवर ‘तोरमल्ली’ एवढा एक शब्द असता, तर खडा आधी कोंदणातून उतरविला गेला असता.

म्हणूनच खडा कोणता हे लिहून ठेवणे आणि ते पुढच्या पिढीस सांगणे, हा निगेचाच भाग होय. ज्या नावाने अंगठी घेतली जाते, त्याच नावाने ती जपली जाते. ते नाव खरे असले पाहिजे.